निम्मा महागाई भत्ता

महागाई भत्ता म्हणजे पगारवाढ नव्हे, हे आम्हांस प्रथम स्पष्ट करावेसे वाटते. बाजारात भाव चढतात, ते निर्देशांकात उतरतात, आणि मग भत्ता वाढतो. कामगाराच्या हाती पडते ती होऊन गेलेल्या महागाईची भरपाई, आणि तीही बहुधा अपुरी.

१९७४ च्या जुलैत केंद्र सरकारने वटहुकूम काढला. यापुढे होणारी पगारवाढ सबंध, व वाढीव महागाई भत्ता निम्मा, सक्तीने ठेवीत जायचा होता. भत्ता ४० रुपयांनी वाढला, तर घरी जायचे २०. खेळता पैसा कमी झाला की मागणी घटेल व भाव उतरतील, हा सरकारचा हिशेब होता. त्या वर्षी भाववाढ २० टक्क्यांच्या वर गेली होती. काहीतरी करणे भाग होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची दरवाढ यांचे प्रायश्चित्त गिरणीतल्या साचेवाल्याने का घ्यावे? वाण्याची उधारी काही ठेवीच्या पावतीवर फिटत नाही.

कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. परंतु वेळ प्रतिकूल होती. रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप २७ मे रोजी, विसाव्या दिवशी, मागे घ्यावा लागला होता. हजारोंची धरपकड झाली होती, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्यातून सावरण्याआधीच वटहुकूम आला. पुढे १९७५ त आणीबाणी आली, आणि किमान बोनसही ८.३३ टक्क्यांवरून ४ वर उतरला. १९७७ साली सरकार बदलले, तेव्हा कोठे भत्त्याची सक्तीची ठेव थांबली. साठलेली रक्कम मिळाली ती हप्त्याहप्त्याने.