सवा तास आणि शून्याची भिंत

अमीनाबादच्या गल्लीत कुल्फी गोठवणाऱ्या चाचांचा हात पाहिला आणि हातातली कुल्फी खायचं राहूनच गेलं. मातीच्या माठात बर्फ आणि खडेमीठ, त्यात रोवलेले पत्र्याचे निमुळते साचे, आणि माठाला अर्धा हेलकावा पुढे, अर्धा मागे देणारं ते मनगट. उष्णतेच्या विसरणाचं समीकरण मी वर्गात शिकवते. त्या समीकरणासोबत येणारी एक अट इथे कुणीतरी हाताने पाळत होतं. म्हणून एका सकाळी शेजारी जाऊन बसले.

आटवलेल्या दुधात पिस्ते घालणं, साचे भरणं, तोंडं कणकेने लिंपणं भराभर उरकलं. मग चाचा म्हणाले, "अब सवा घंटा."

या सवा तासात दुधातली उष्णता कडेकडे झिरपत जाते. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो, प्रमाण नेमकं जमलं तर उणे 21 अंशांपर्यंत. पत्र्याशी पोचलेली उष्णता तो ओढून घेतो, परत फिरू देत नाही. अशा कडेला गणितात शोषक सीमा म्हणतात, आणि तिच्यावरचं मूल्य शून्य धरतात. उष्णतेचं गणित फूरिएने 1822च्या ग्रंथात मांडलं. एस. चंद्रशेखर यांनी 1943च्या प्रदीर्घ लेखात विसरणाचंच समीकरण पाळणाऱ्या, भरकटत फिरणाऱ्या कणांसमोर अशीच भिंत उभी केली. तो प्रश्न सोडवायची युक्ती मला फार आवडते: भिंतीपलीकडे तितक्याच अंतरावर तितकेच, पण ऋण चिन्हाचे कण कल्पायचे. भिंतीवर दोन्हींची बेरीज शून्य होते आणि अट आपोआप पाळली जाते.

चहूबाजूंनी भिंत असली की उत्तर अनेक लहरींच्या बेरजेत मिळतं. आखूड लहरी लगेच विरतात. मधोमध फुगलेली, कडेला शून्य असलेली एकच लहर मागे रेंगाळते, आणि तिचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. दूध गोठू लागलं की गोठणारी कडच आत सरकू लागते आणि प्रश्न अवघड होतो. तो श्टेफानच्या नावाने ओळखला जातो. वर्गाचा नियम मात्र तिथेही टिकतो. साचा सगळीकडून दुप्पट केला, तर सवा तासाचे पाच तास. लग्नासाठी असे मोठे साचे लावता का, असं चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, "शादी में कौन इतना रुकेगा?"

मधेच चहा आला आणि हात थांबला. मी माठात डोकावले. साच्यांभोवतीचा बर्फ वितळून तिथे नुसतं पाणी साचलं होतं, खडे दूर राहिले होते. पत्र्याला लगटलेलं ते पाणी उष्णता घेऊन स्वतःच कमी गार होतं, म्हणजे सीमा शोषायची थांबते. चाचांनी पेला खाली ठेवला. "घुमाओगे नहीं तो बर्फ पड़ी रहेगी, कुल्फी कच्ची." मनगट पुन्हा सुरू झालं.

फळ्यावर मी "सीमेवर शून्य" एका फटक्यात लिहिते. फूरिएला आणि चंद्रशेखरांनाही ती अट फुकट मिळाली. माठात मात्र ती दर क्षणी नव्याने राखावी लागते, सवा तास, आणि दुसरा घाणा लावला की पुन्हा सवा तास. दूध, पिस्ते, बर्फ यांचा हिशेब गिऱ्हाईक मान्य करतं, मनगटाचा करत नाही. यंत्राच्या कुल्फीशी हिची किंमत ताडून घासाघीस करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: समीकरणातली सगळ्यात महाग ओळ हा माणूस चालवतो, ती भावात धरा.