एका क्लिकमागे पृथ्वीला पावणेसहा फेऱ्या

फूटभर वायरचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. नेमकं सांगायचं तर ११.८ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना असे तुकडे बरोबर नेत आणि श्रोत्यांना चक्क वाटत. तो तुकडा म्हणजे एक नॅनोसेकंद. सेकंदाचे १०० कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात प्रकाश जेमतेम एवढाच पुढे सरकतो. उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो, असं एखाद्या अॅडमिरलने विचारलं की बाई तो तुकडा पुढे करत. इथून वर उपग्रहापर्यंत असे किती तुकडे जोडावे लागतील, मोजा म्हणत.

आपणही मोजू. पण नॅनोसेकंद आपल्या हाताला लागत नाही, म्हणून एक घड्याळ बनवू. या घड्याळात एक नॅनोसेकंद म्हणजे पूर्ण एक सेकंद. आता बघा काय होतं! एक मिलिसेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. पापणी लवायला ३०० मिलिसेकंद धरले तर एका लवण्यात साडेनऊ वर्षं गेली. एक खरा सेकंद म्हणजे ३१ वर्षं ८ महिने. आणि वेबसाइट उघडायला तीन सेकंद लागले तर? ९५ वर्षं! बोट स्क्रीनवर टेकलं तेव्हा जन्मलेलं बाळ शिकलं, नोकरीला लागलं, निवृत्त झालं, पणतवंडांच्या बारशाला जाऊन आलं, तेव्हा कुठे 'आमच्याबद्दल' हे पान उघडलं.

हे घड्याळ भिंतीवर टांगून ठेवा, कारण वेबसाइट फास्ट कशी करायची याबद्दल प्रत्येकाकडे एक ठाम मत असतं आणि ही मतं या घड्याळासमोर फार मजेशीर दिसतात.

सगळ्यात आवडतं मत: नेटचा प्लॅन वाढवा. १०० एमबीपीएसचा २०० केला की साइट दुप्पट वेगाने उघडणार. वाटतं खरं तसं. समजा, दापोलीजवळ लाडघरला कुणाचा होमस्टे आहे. त्याची साइट स्वस्तात मिळालेल्या होस्टिंगवर आहे आणि ते होस्टिंग आहे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. पुण्यातलं एक कुटुंब शनिवार-रविवारसाठी खोली शोधतंय. लाडघर त्यांच्यापासून २०० किलोमीटरच्या आसपास. पण लाडघरचा फोटो? तो १३,००० किलोमीटरवर!

प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे १५० किलोमीटर त्याला पाऊण मिलिसेकंदात पार होतं, आपल्या घड्याळात पावणेनऊ दिवस. व्हर्जिनियाला जाऊन यायचं तर २६,००० किलोमीटर झाले, म्हणजे कमीत कमी १३० मिलिसेकंद. तेही केबल नाकासमोर सरळ गेली असती तर. ती जाते वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात, मग तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप आणि पुढे अख्खा अटलांटिक. त्यामुळे प्रत्यक्षात एका फेरीला २०० मिलिसेकंद सहज लागतात. घड्याळाकडे बघा: सहा वर्षं चार महिने. एका फेरीचे!

आणि एका फेरीत कुठे भागतंय? पहिली फेरी नुसता नमस्कार-चमत्कार करायला: मी आलोय, तू आहेस का, हो आहे. दुसरी फेरी कुलूप-किल्ल्या ठरवायला, पत्त्याशेजारी ते छोटं कुलूप दिसतं ना, त्यासाठी. मग खरा माल मागवायचा. तिथेही सर्व्हर हात राखून असतो. वाट कितपत मोकळी आहे याचा त्याला अंदाज नसतो, म्हणून पहिल्या खेपेला तो दहाच पॅकेट सोडतो, साधारण साडेचौदा केबी. पोचली अशी पावती आली की २०. मग ४०. मग ८०, १६०, ३२०, ६४०. एक एमबीचा एक फोटो पुरता यायला सात खेपा. आधीच्या दोन धरून नऊ.

नऊ फेऱ्या गुणिले २६,००० किलोमीटर. २ लाख ३४ हजार किलोमीटर! पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला पावणेसहा फेऱ्या. चंद्राच्या वाटेवर निम्म्याहून पुढे. मुंबई-पुणे १,५६० वेळा. एका खोलीच्या एका फोटोसाठी! वेळ लागला १,८०० मिलिसेकंद, आपल्या घड्याळात ५७ वर्षं.

आता घ्या तो दुप्पट प्लॅन. १०० एमबीपीएसच्या तारेवर एक एमबी ओतायला ८० मिलिसेकंद लागतात, २०० वर ४०. म्हणजे वाचले फार तर ४०. आणि १,८०० मधून ४० गेले तर कुणाला कळणार? विहीर वीस पुरुष खोल असताना पोहरा दुप्पट मोठा आणल्यासारखंच हे. दोर तेवढाच ओढावा लागतो. ही नुसती कागदी आकडेमोडही नाही. गूगलमधल्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये हेच तपासलं. ५ एमबीपीएसचे १० केले तर पान उघडण्याचा वेळ किती सुधारला? ५ टक्के. फेरीचा वेळ जसजसा कमी केला तसतसं मात्र पान सरळ रेषेत भराभर उघडत गेलं.

दुसरं मत मालकांचं लाडकं: सर्व्हर मोठा घ्या. होस्टिंगवाला फोनवर तेच सांगतो, आणि का सांगणार नाही, त्याचा तो धंदा आहे. पण होमस्टेच्या साइटवर दिवसाला २०० माणसं आली आणि प्रत्येकामागे सर्व्हरला ५० मिलिसेकंद काम पडलं असं धरा. झाले १०,००० मिलिसेकंद. दहा सेकंद! दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातले ८६,३९० सेकंद हा सर्व्हर पाय पसरून बसलाय. त्याला आणखी दांडगा करून काय मिळणार, आणखी जोरात बसेल. याहूमधल्या स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ मध्ये लिहून ठेवलंय की वाट बघण्यातला ८० ते ९० टक्के वेळ पानाची मूळ फाइल ब्राउझरच्या हाती पडल्यानंतर जातो: फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट गोळा करण्यात आणि मांडण्यात.

सर्व्हरचा खरोखर घाम निघतो अशा जागा आहेतच. २२ मे २०२५ ला रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेने एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढली, सेकंदाला ५३०! आपण अवाक होतो. पण आपल्या घड्याळाला विचारा: दर बावीस दिवसांना एक तिकीट. एवढी सवड असतानाही तत्काळच्या दहाच्या ठोक्याला आपला जीव वरखाली होतो तो निराळा. आणि काही साइट पान जुळवायलाच दीड-दोन सेकंद घेतात, ५० मिलिसेकंदांचा हिशोब त्यांना लागू नाही. तिथेही मोठं मशीन आणण्याआधी कॅशे चालू करा. एकदा शिजवलेलं पान प्रत्येक पाहुण्यासाठी पहिल्यापासून शिजवायचं कशाला?

आता फोटोंकडे येऊ, कारण इथे आकडे खरोखर माजलेत. मालकाने फोनवरून काढलेला समुद्राचा फोटो जसाच्या तसा चढवला. ४,००० गुणिले ३,००० ठिपके. १ कोटी २० लाख! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे एका फोटोत ठिपक्यांची जवळजवळ मुंबईच भरलीय. आणि दाखवायचा कुठे? १,०८० ठिपके रुंदीच्या फोनवर. तिथे मावतात ८ लाख ७५ हजार. चौदातला एक आत, तेरा जण दारातूनच परत. एका लांब गाडीत दीड हजार माणसं धरली तर ही मुंबई हलवायला ८,००० गाड्या लागतील. भारतात दिवसाला सुमारे १३,००० प्रवासी गाड्या धावतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक याच कामाला लावल्या, आणि तिकडे पोचल्यावर तेरातेरा जणांना सांगितलं, जागा नाही, घरी जा.

फोटोची फाइल ४ एमबीचीच आहे, असं मालक म्हणेल. आहे. पण ती घडी घातलेली आहे. ब्राउझरने ती उलगडली की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात: ४ कोटी ८० लाख बाइट, ४८ एमबी. असे दहा फोटो म्हणजे ४८० एमबी फोनच्या पोटात. साध्या फोनची दातखीळ बसते ती इथे, आणि शिव्या खातं बिचारं नेट.

इतकं असताना डेव्हलपर मंडळी काय करतात? कोडमधल्या रिकाम्या जागा काढतात. ३० केबी वाचले म्हणून खूश. ३० केबी! चार एमबीत तसे १३३ तुकडे बसतात. काढू नका असं नाही, काढाच, पण अंगणात हत्ती उभा असताना मुंग्या मोजण्यात दुपार घालवू नका.

मराठी साइटवाल्यांची आणखी एक खंत ऐकू येते: देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजीचं एकच, म्हणून आपली पानं जड. तीन बाइट हे खरं. करा हिशोब. ज्ञानेश्वरीच्या ९,००० हून थोड्या जास्त ओव्या. ओवीला सढळ हाताने १०० चिन्हं धरा. झाली ९ लाख. गुणिले तीन, २७ लाख बाइट. २.७ एमबी. अठराच्या अठरा अध्याय, आणि तेही न दाबता! सर्व्हरने मजकूर दाबून पाठवला, जो बहुतेक सर्व्हर आपणहून पाठवतात, तर त्याच्याही अंशात. तो एक समुद्राचा फोटो एकटा ४ एमबी. मराठीने साइट जड होत नाही हो!

उलट एक एमबी स्क्रिप्ट ही एक एमबी फोटोपेक्षा कितीतरी जड. फोटो उलगडून लावला की संपलं. स्क्रिप्ट आधी वाचावी लागते, मग समजून घ्यावी लागते, मग चालवावी लागते, आणि ती चालते तोवर बोटाला दाद मिळत नाही. साइट फास्ट करणारं प्लगइन म्हणून एकावर एक पाच प्लगइन चढवणारे भेटतात. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

पण लाडघरचा तो फोटो अजून अटलांटिकमध्येच आहे. त्याला आणायचं कसं? अगदी सोपं: तो तिथे ठेवायचाच नाही. एमआयटीमधल्या टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई काढली ती याच कल्पनेवर, की मालाची एकेक प्रत गिऱ्हाइकाच्या शेजारी नेऊन ठेवावी. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते. आपल्या दीड हजारी गाड्यांत बसवायचे तर ३९,००० गाड्या, देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्यांची तीन दिवसांची धाव! एवढ्यांना एका जागेवरून चेंडू दाखवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. प्रती जवळ होत्या म्हणून जमलं. हे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम असं वाटत असेल तर तेही मत सोडा. लहान साइटला ही सोय फुकट देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि अॅमेझॉनसारख्यांचे सर्व्हर २०१६ पासून खुद्द मुंबईत आहेत. पुण्याहून मुंबईची फेरी १० मिलिसेकंद धरा. नऊ फेऱ्या, ९० मिलिसेकंद. १,८०० चे ९०! वाचले १,७१०.

या १,७१० ची किंमत काय? बाजारात भाव ठरलेला आहे. २०१० मध्ये स्प्रेड नेटवर्क्स नावाच्या कंपनीने शिकागो ते न्यू जर्सी अशी १,३३१ किलोमीटरची तार शक्य तितकी सरळ टाकली. वाटेत डोंगर आला तर तोही फोडला. कशासाठी? शेअर बाजारातल्या सौद्यांची फेरी १६ मिलिसेकंदांवरून १३ वर आणायला. जवळपास तीन मिलिसेकंद. खर्च ३० कोटी डॉलर! मिलिसेकंदाला १० कोटी डॉलर, तेव्हाच्या ४५ रुपयांच्या भावाने ४५० कोटी रुपये.

करा गुणाकार. १,७१० गुणिले ४५० कोटी. ७ लाख ६९ हजार ५०० कोटी रुपये! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला सुमारे १,६३० कोटी खर्च आला होता. म्हणजे होमस्टेवाल्याने होस्टिंगची जागा बदलून जेवढं कमावलं तेवढ्यात त्या जुन्या दराने ४७२ एक्स्प्रेसवे होतील. प्रत्येकी ९४.५ किलोमीटर. एकापुढे एक जोडले तर ४४,६०० किलोमीटर. पृथ्वीला पूर्ण एक वेढा घालून साडेचार हजार किलोमीटर रस्ता उरतो आणि त्यात श्रीनगर ते कन्याकुमारी आरामात बसतं.

टोल यात धरलेला नाही.