घर चिमणीसाठी, बिऱ्हाड खारीचं!

मैत्रिणींनो, चिमण्यांसाठी म्हणून परसात लाकडी घरटं टांगलं असेल, तर दिवाळीची साफसफाई काढण्यापूर्वी एवढं वाचाच. माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून व्हायला नको.

२०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. त्या निमित्तानं आमच्या शाळेत मुलांनी लाकडी घरटी केली, त्यातलं एक मी घरी आणलं. भोक सव्वा इंचाचं, चिमणीला बेताचं. हे म्हणत होते, भिंतीला ठोकू. पेरूच्या झाडावर छान दिसेल, हा हट्ट माझा. चिमणी दोनदा डोकावली नि गेली ती गेलीच.

पावसाळा सरता सरता भोकाच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. त्याच सुमारास देवघरातला वातींचा कापूस कमी व्हायला लागला, पायपुसण्याचा काथ्याही उसवलेला. सासूबाईंनी आळ घेतला धाकटीवर. बिचारीनं दोन दिवस बोलणी खाल्ली. मला काही या गोष्टींचा मेळ घालता आला नाही. बी.ए. होऊन काय उपयोग, सांगा!

मग एका रविवारी घरटं झाडावरून काढलं आणि सरळ उपडं करून झटकलं. कापूस, काथ्या, चिंध्या, आणि त्यात तीन गुलाबी जीव! अंगावर लव नाही, डोळे मिटलेले. वर फांदीवर खार शेपूट झटकत नुसती चिरचिरत होती. मला तर दरदरून घाम फुटला.

धाकटी त्यांना कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायला निघाली होती. तिला थांबवलं. एवढ्याशा पिल्लाच्या नाकात दूध गेलं की गुदमरतं, आणि गाईचं दूध त्याला मानवतही नाही. पिल्लांना कापसासकट घरट्यात ठेवलं, घरटं जागच्या जागी टांगलं, आणि आम्ही सगळे आत येऊन खिडकीशी बसलो. तासाभरानं खार आली. एकेक पिल्लू तोंडात धरून कौलांच्या वळचणीला घेऊन गेली. दोन नेली. तिसऱ्यासाठी आली, आत गेली आणि तशीच परत फिरली. संध्याकाळी पाहिलं तर ते गार पडलं होतं. धाकटी जेवली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

खारीला दिवस सव्वा महिन्याचेच, पण पिल्लं दहाएक आठवडे आईच्या दुधावर असतात आणि सगळं ती एकटीच निस्तरते. म्हणून घरटं काढण्याआधी चार दिवस लांबून नजर ठेवा. भोक कुरतडलेलं, आत-बाहेर कापूस-काथ्याची ये-जा, असं दिसलं की साफसफाई लांबणीवर टाका. चिमणीच हवी असेल तर भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका आणि घरटं झाडापासून दूर, भिंतीला लावा. (ह्यांचं ऐकलं असतं तर!)

आणि हो, भोकात बोट घालून पाहू नका. शेजारच्या वहिनींच्या घरट्यात पालींच्या मागावर कवड्या साप शिरला होता. तो बिनविषारी, पण अंगावरच्या पट्ट्यांमुळे मण्यार समजून नाहक मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं याच्या उलट. तरी ही पारख आपण करत बसायची नाही, सर्पमित्राला बोलवायचं. सातेरी मधमाश्यांनाही अशी अंधारी पोकळी आवडते. त्यांना धूर करून जाळू नका, मधपाळाला सांगा, तो वसाहत उचलून नेतो.

आमच्याकडे आता भिंतीवर नवं घरटं आहे, पत्रा ठोकलेलं. चिमणी अजून आलेली नाही. जुनं पेरूवरच ठेवलंय. सासूबाई वाती वळताना चिमूटभर कापूस तुळशीच्या कट्ट्यावर ठेवतात, आणि दुपारपर्यंत तो गेलेला असतो.