जेनेरिक टाइपवरची अट काय देते?

जेनेरिक्स म्हणजे आकड्यांची यादी, मजकुराची यादी, एवढ्यावरच अनेकांचा अभ्यास थांबतो. पुढे टी या टाइप पॅरामीटरवर कन्स्ट्रेंट, म्हणजे अट, घालायची वेळ आली की कपाळाला आठ्या पडतात: आधी कुठलाही टाइप चालत होता, आता मोजकेच चालणार! मेथड वापरणाऱ्याला तसं दिसणं साहजिक आहे, पण ती लिहिणाऱ्याच्या बाजूने चित्र अगदी उलटं आहे.

समजा, यादीतला सर्वांत मोठा घटक शोधायचा आहे. टीवर अट नसेल तर कंपायलर त्याला फक्त ऑब्जेक्ट समजतो. दोन टींची तुलना करायला गेलात की एरर येते आणि ती यायलाच हवी, कारण उद्या कुणी तिथे फाइल दिली तर लहानमोठं कसं ठरवणार? सी शार्पमध्ये ‘व्हेअर’ लिहून किंवा जावात ‘एक्स्टेंड्स’ लिहून टी हा कम्पेअर करता येणारा टाइप असेल, असं एकदा सांगितलं की त्याच मेथडमध्ये तुलना बिनदिक्कत करता येते. अट वाढेल तसं टीकडून करून घेता येणारं काम वाढतं. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या एमआयटीतल्या गटाने १९७०च्या दशकात घडवलेल्या क्लू भाषेतही टाइपकडून कोणती कामं अपेक्षित आहेत हे ‘व्हेअर’ लिहूनच सांगत.

मग टी हवाच कशाला, थेट इंटरफेस घेतला तर? हा प्रश्न रास्त आहे आणि कित्येकदा इंटरफेस पुरतोही. पण बचत खात्यांच्या यादीतून सर्वांत मोठं खातं निवडलं तर परत बचत खातंच मिळायला हवं. इंटरफेस घेणारी मेथड इंटरफेसच परत देते, मग कास्ट करत बसा. टी घेणारी मेथड मूळ टाइप जपते.

बचत खातं हे खातंच असतं, म्हणून बचत खात्यांची यादी ही खात्यांची यादी, हा सर्वांत चिवट गैरसमज. तसं चाललं असतं तर ‘खात्यांच्या यादीत’ कुणीही कर्जखातं घुसवलं असतं आणि मूळ यादी बिघडली असती. जावाच्या ॲरेमध्ये ही सूट आहे. तिथे चूक कंपायलरच्या नजरेतून निसटते आणि प्रोग्रॅम चालू असताना ‘ॲरे स्टोअर एक्सेप्शन’ होऊन समोर येते. यादीतून नुसतं वाचायचं असेल तेव्हा मात्र धोका नाही. म्हणून जावात वाइल्डकार्ड आहे आणि सी शार्पमध्ये २०१०पासून इंटरफेस व डेलिगेटच्या टाइप पॅरामीटरवर ‘आउट’ लिहिता येतं.

दोन्ही भाषांतली जेनेरिक्स सारखीच, असंही सर्रास ऐकू येतं. लिहायला ती सारखी दिसतात, आत फरक मोठा. जावात २००४ साली जेनेरिक्स आली ती जुना कोड चालू राहावा या बेताने. कंपाइल होताना टी पुसला जातो, रनटाइमला आकड्यांची आणि मजकुराची यादी एकाच क्लासची असते. त्यामुळे तिथे टीचा नवा ऑब्जेक्ट थेट बनवता येत नाही. सी शार्पसाठी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी रनटाइमलाच जेनेरिक्स शिकवली. तिथे टाइप शेवटपर्यंत टिकतो, ‘न्यू’ची अट घातली की टीचा ऑब्जेक्ट बनतो, आणि पूर्णांकांच्या यादीत बॉक्सिंगचा खर्चही पडत नाही. जावाच्या यादीत मात्र आजही इंटिजरचे ऑब्जेक्टच ठेवावे लागतात.

एक उणीव सी शार्पमध्येही बरीच वर्षं होती: दोन टींची साधी बेरीज करता येत नसे, कारण अधिकचं चिन्ह मागणारी अटच भाषेत नव्हती. प्रत्येक अंकप्रकारासाठी तीच मेथड पुन्हा लिहावी लागे. २०२२च्या सी शार्प ११ने इंटरफेसमध्ये स्टॅटिक ॲबस्ट्रॅक्ट मेंबर आणले, त्यांच्या आधारावर डॉट नेट ७मध्ये ‘आयनंबर’ आला, आणि पूर्णांक, दशांश, डबल या सगळ्यांना चालणारी बेरीज एकाच मेथडमध्ये लिहिता येऊ लागली.