विश्लेषण : बारावीनंतर मोफत पास संपतो, मग भंडाऱ्यातील मुलींना कॉलेज परवडते कसे?

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकर योजना ती हीच. निकाल लागतो, बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले जाते आणि त्याच रस्त्यावरच्या, बहुतेकदा त्याच बसच्या पासासाठी पैसे मोजावे लागतात. भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत मुलीच्या पदवीचा निर्णय कॉलेजच्या फीपेक्षा या खर्चावर आणि बसच्या वेळेवर होतो. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

कॉलेज जवळ, तरी दूर का?

1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात सात तालुके उरले. भंडाऱ्यात जे. एम. पटेल, तुमसरला एस. एन. मोर, लाखनीला समर्थ, साकोलीला एम. बी. पटेल महाविद्यालय अशी पदवीची सोय तालुक्याच्या गावांत आहे. नकाशावर पाहिले तर कोणतेही गाव कॉलेजपासून फार लांब दिसत नाही. पण अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही, ते बसच्या फेऱ्यांत मोजावे लागते. सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. परतीची शेवटची गाडी लवकर असेल तर दुपारचे प्रॅक्टिकल अर्धवट सोडावे लागते, त्यामुळे विज्ञान शाखेची आवड असूनही कला शाखा निवडणाऱ्या मुली गावोगाव भेटतात. मुलगा दुचाकीवर निघतो. मुलीला सहसा तशी मुभा नसते, हेही इथे सांगायला हवे.

नोव्हेंबर 2021 च्या सुमारास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 मध्ये मिटला. करोनानंतर कॉलेज नुकतेच उघडत होते आणि बस नव्हती. ज्यांच्या गावाला ऑटो किंवा काळीपिवळी जात नव्हती, त्यांचे जवळजवळ सगळे वर्ष मोबाइलवरच गेले.

त्यात भंडारा हा धानाचा जिल्हा. जुलैत प्रवेश चालू असतात तेव्हाच बांधीत रोवणी चालू असते. घरची रोवणी असो की दुसऱ्याकडची मजुरी, हात लागतातच, म्हणून पहिल्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे वर्ग विरळ असतात. दिवाळीत भाऊबीजेनंतर मंडई भरतात, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात आणि हिवाळी परीक्षांची तयारीही याच दिवसांत. नाटकाला जायचे की अभ्यास करायचा, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला दरवर्षी पडतो. उत्तर बहुतेक वेळा नाटकाच्या बाजूने जाते.

पास घ्यावा की अर्धे तिकीट?

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत 50 टक्के सवलत आहे. त्यामुळे ‘अर्ध्या तिकिटात जाता येते, मग पास कशाला’ असे अनेक घरांत म्हटले जाते. हिशेब मात्र वेगळा निघतो. विद्यार्थी पासाला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. समजा एका बाजूचे भाडे 60 रुपये आहे. अर्ध्या तिकिटात जाणे-येणे 60 रुपयांना पडते, पासावर साधारण 40 रुपयांना. रोज जाणाऱ्या मुलीला पासच स्वस्त. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जाणार असेल तर अर्धे तिकीट बरे. पासासाठी कॉलेजचे बोनाफाईड लागते.

रेल्वेची एक सवलत फारशी कोणाला माहीत नसते. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत, तर मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे. तुमसर रोड किंवा भंडारा रोडवरून नागपूरला ये-जा करणाऱ्या मुलींना तिचा उपयोग होऊ शकतो. अडचण इतकीच, की भंडारा रोड स्थानक शहरात नाही, वरठीला आहे. गावातून भंडारा, भंडाऱ्यातून वरठी, मग गाडी. रेल्वेचा पास फुकट असला तरी त्याआधीचा ऑटो फुकट नाही.

खोली घेऊन राहायचे असेल तर?

शासकीय वसतिगृहात जागा मर्यादित आणि प्रवेश गुणवत्तेनुसार. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला 60 हजार रुपये (भोजन 32 हजार, निवास 20 हजार, निर्वाह 8 हजार), तर भंडाऱ्यासारख्या महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, तर ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. घरमालकाला मात्र भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, आणि ती मधली फट घरालाच भरून काढावी लागते.

‘मुलींना शिक्षण मोफत’ या घोषणेचाही गोंधळ आहे. 2024-25 पासूनची शंभर टक्के शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असावे लागते. इंजिनीअरिंग, फार्मसीची फी माफ होते. खोली, मेस, प्रवास त्यात धरलेला नाही.

चौथे वर्ष कुठे करायचे?

नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून चार वर्षांची रचना आली. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. त्या वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचते. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत आणि कॉलेजच्या त्या विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. तालुक्याच्या कॉलेजात अनेक विभाग एक-दोन प्राध्यापकांवर चालतात. तिथे ही अट पुरी होणे अवघड आहे, म्हणजे हुशार मुलीला चौथ्या वर्षासाठी नागपूर गाठावे लागेल.

त्यासाठी घाबरून पहिल्याच वर्षी गाव सोडण्याची गरज नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. किंवा एम.एस्सी. करता येते, चार वर्षे केल्यास पदव्युत्तर अभ्यासक्रम एकाच वर्षाचा राहतो. दोन्ही वाटांनी वर्षे पाचच लागतात. फरक आहे तो खोलीच्या भाड्याचा. तीन वर्षे पासावर काढली, तर नागपूरचे भाडे दोनच वर्षे भरावे लागते.