दूरची म्हैस दिसते, मग बाटलीवरचे टिंब का दिसत नाही?

गेवराई तालुक्यातल्या एका गावी कपाशीच्या फवारणीसाठी गेलो होतो. बांधावर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचत होते. हात लांब केला, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "साहेब, दहा लिटरला पंचवीस मिली." शेजारी उभी असलेली त्यांची सहावीतली मुलगी वाकून म्हणाली, "आबा, पंचवीस नाही, दोन पॉइंट पाच हाय. मधी टिंब हाय."

त्या एका टिंबापायी औषध दहापट पडले असते. आणि याच गृहस्थांनी थोड्या वेळापूर्वी समोरच्या माळावर चरणारी आपली म्हैस अचूक ओळखली होती!

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा काही डोळ्याचा रोग नव्हे. ही चाळिशी.

आपल्या डोळ्यात बुबुळामागे एक पारदर्शक भिंग असते. ते काचेसारखे कडक नसून मऊ असते. त्याच्याभोवती स्नायूचे कडे असते आणि बारीक तंतूंनी भिंग त्या कड्याला बांधलेले असते. पाण्याने भरलेली पिशवी चहूबाजूंच्या खुंट्यांना दोरांनी ताणून बांधली आहे, असे समजा. आपण दूर पाहतो तेव्हा स्नायू सैल असतो, कडे मोठे राहते, दोर ताणलेले आणि भिंग चपटे असते. जवळचे पाहताना स्नायू आवळतो, कडे लहान होते. जणू खुंट्या आत सरकतात, दोर सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. फुगीर भिंगामुळे जवळचे अक्षर स्पष्ट दिसते. ही क्रिया जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ साली समजावून दिली.

म्हणूनच बराच वेळ निवडण-टिपण किंवा शिवणकाम केले की डोळे शिणतात. अशा वेळी मान वर करून दूरच्या झाडाकडे घटकाभर पाहावे. स्नायूला विसावा मिळतो.

वयाबरोबर भिंग कडक होत जाते. स्नायू आवळतो, दोरही सैल पडतात, पण भिंग पूर्वीसारखे फुगत नाही. दहा वर्षांचे पोर वीतभराच्या आत धरलेले अक्षर सहज वाचते. पन्नाशीत तेच हातभर लांब धरावे लागते. गोधडी शिवणाऱ्या आजी सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतात, ती याचमुळे.

चष्म्याने डोळे बिघडतात, ही समजूत खोटी आहे. चष्मा भिंगाचे अपुरे काम पुरे करतो, एवढेच. डोळ्यात मध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये; भिंग त्याने मऊ होत नाही, डोळ्याला इजा मात्र होते.

चाळिशी उलटली की एकदा डोळे तपासून घ्या. जवळचे आणि दूरचेही धुरकट दिसू लागले तर ती चाळिशी नव्हे. मोतीबिंदू असू शकतो. काचबिंदू तर गुपचूप नजर नेतो, तो तपासणीतच सापडतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले आणि २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने यांनीही पूर्वी तेथे काम केले आहे.

बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग दुरून दिसतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण मात्रा बारीक अक्षरातच असते. तेव्हा फवारणीच्या सामानात हातमोजे, तोंडाचा रुमाल आणि माप यांच्या जोडीला चष्माही ठेवा. तो घरी राहिला असेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून मात्रा वाचून घ्या. त्यात कसला कमीपणा?