दृष्टिपटलाचे रक्षण आणि पालेभाज्या

डोळ्याच्या आत, मागील बाजूस, एक नाजूक पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. या पटलास प्राणवायू भरपूर लागतो व त्यावर सतत प्रकाश पडतो. त्यामुळे तेथे प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे उत्पन्न होतात. लोखंडास गंज चढावा त्याप्रमाणे ती पेशींची झीज करतात. काही विषारी रसायनांमुळे हीच झीज अतिशय वेगाने होते.

भर उन्हात उभ्या असलेल्या पिकासही असाच धोका असतो. त्यापासून बचाव करणारी द्रव्ये पानातच असतात. ल्यूटिन व झिॲझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये त्यांपैकी होत. मानवी शरीर ती तयार करू शकत नाही. आहारातून मिळालेली ही द्रव्ये दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठतात, निळा प्रकाश शोषून घेतात व झीज रोखण्यास साहाय्य करतात.

प्रयोगशाळेत सोडियम आयोडेट हे रसायन टोचून उंदरांच्या दृष्टिपटलास इजा केली जाते. निरनिराळ्या वनस्पतिज द्रव्यांनी ही इजा काही अंशी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तथापि उंदरांवरील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या रोगासंबंधी अमेरिकेत 50 ते 85 वर्षे वयाच्या सुमारे 4,200 व्यक्तींवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पूरक औषधात ही दोन द्रव्ये मिसळल्याने सरसकट जादा लाभ झाला नाही. मात्र ज्यांच्या आहारात ती सर्वांत कमी होती, त्यांच्यात रोगाची वाढ मंदावलेली आढळली. म्हणजेच उणीव भरून काढण्यात खरे हित आहे.

त्यासाठी महागड्या गोळ्यांची आवश्यकता नाही. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, पिवळा मका व अंड्याचा बलक यांतून ही द्रव्ये मिळतात. ती स्निग्ध पदार्थात विरघळतात. म्हणून भाजीस थोडे तेल अवश्य घालावे. सांडपाण्यावरील परसबागेत पालेभाजीचा एखादा वाफा सहज होतो.

परंतु पालेभाजी हा विषावरील उतारा नव्हे. फवारणीचे औषध डोळ्यात गेल्यास डोळा ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटे धुवावा व औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह दवाखाना गाठावा. मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने दृष्टी कायमची जाऊ शकते. तेथे घरगुती उपायात एक तासही दवडू नये. ग्रामसेवकांनी या दोन्ही गोष्टी, रोजचा आहार व प्रसंगी तातडीचा उपचार, गावकऱ्यांना वेगवेगळ्या समजावून द्याव्यात.